उपरण्याखालचा डॉक्टर

डॉक्टर आतारांनी मला फसवलं. बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करून मी घर बांधलं, पोरींची लग्नं लावली, आणि आजवर कोणाची मला शेंडी लावायची छाती झाली नव्हती. ती लावली कोणी? एका खोक्याला सीटबेल्ट बांधून गाडीत पुढं बसवणाऱ्या माणसानं.

खोक्यात पोरांच्या रक्ताच्या नळ्या असतात. त्या त्याच दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचल्या पाहिजेत, म्हणून डॉक्टर स्वतः नेतात. नारायणगावात एकदा मी माणुसकीनं विचारलं, "बर्फ आणू का? मासेवाल्याकडं लई हाय." डॉक्टर खोक्यावर आडवेच पडले. "आबा, गारठतील हो! आतल्या पेशी सगळ्या जिवंत आहेत!" मग त्यांनी खोक्याभोवतीची गोधडी नीट केली. वाटेत गतिरोधक आला की "सांभाळून हं" म्हणतात. मागं बसलेल्या माणसांना नाही, खोक्याला.

मूळचे जुन्नरचे. वाडवडिलांचा धंदा अत्तराचा, हे मात्र रक्ताच्या मागं. पोरांना होतो तो इंजेक्शनवाला मधुमेह ज्यांना नुकताच निघालाय, त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते तपासतात. माझी नात ईश्वरी त्यातलीच. वय आठ. दिवाळीनंतर पोरगी पाणी पाणी करत वाळत चालली, तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी संशोधनासाठी तिचं रक्त मागितलं. मी धंद्याचं विचारलं, "बदल्यात आमच्या पोरीला काय?"

"काही नाही."

"एखादं औषध?"

"नाही. इन्सुलिन चालूच राहील. पुढं कधी तरी दुसऱ्या मुलांना उपयोग होईल. कदाचित."

कदाचित! बाजारात लोक लंगडा बैल नाचरा म्हणून विकतात, आणि हा गृहस्थ मालाची खोड आधी सांगतो. त्यांनी समजावलं, शरीराची राखण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर धावून जातात. का, ते अजून नीट उमगलेलं नाही. आजार नवा असतानाच रक्त मिळालं तर माग लागायची आशा.

"म्हंजी राखणीच्या कुत्र्यानंच दुभती गाय फाडली," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मला मिठी मारली. तेव्हापासून ते प्रत्येक आईबापाला सांगतात, "तुमच्या मुलीतलं कुत्रं शोधतोय." आळे गावच्या एका बाईनं घाबरून कुत्रं चावल्यावरची सुई मागितली.

माझ्या मुलानं आणि सुनेनं होकार दिला. ईश्वरी दवाखान्यातल्या बाकाखाली जाऊन बसली. "रोज टोचता त्येवढं पुरं न्हाई का?" डॉक्टर म्हणाले, तिचा स्वतःचा हो पाहिजे. दोन खेपा ते रिकामा खोका घेऊन गेले. त्यालाही सीटबेल्ट होताच. आजार जुना होत चालला, रक्ताची वेळ निघून चालली, आणि यांचं आपलं "तिला वाटेल तेव्हा."

माझं डोकं फिरलं. "अहो, आमी चौघं धरतो, तुमी घ्या वढून!"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "धरायचं नाही! कोणीही धरायचं नाही!" नर्सच्या हातातला चहा सांडला.

"मग सौदा करा तिच्याशी," मीही ओरडलो.

आमच्या बाजारात दर तोंडानं ठरत नाही. उपरण्याखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. हे मी डॉक्टरांना शिकवलं, आणि पस्तावलो. त्यांना नादच लागला. पेरूवालीशी उपरण्याखाली सौदा करून तिनं सांगितलेल्या दरापेक्षा जास्त देऊन आले, वर खूश. एकदा गाडी बंद पडली म्हणून एसटीनं ओतूरला निघाले, तर तिकिटासाठी कंडक्टरचा हात धरला. कंडक्टर म्हणाला, "पावणं, हात सोडा, गाडी भरलीया."

तिसऱ्या खेपेला ते माझं उपरणं घेऊन सरळ बाकाखाली शिरले. बाहेर नुसते डॉक्टरांचे बूट. उपरणं जरा हललं. मग पोरगी बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि तिनं आपणहून हात पुढं केला. हूं नाही की चूं नाही.

"काय दर ठरला गं?" मी विचारलं.

"सौदा गुपित असतो आबा. तुमीच म्हणता ना?"

माझ्या घरचा सौदा, माझं उपरणं, माझी विद्या, आणि दर मला माहीत नाही! दलालाची याहून मोठी फसवणूक कोणती? मी डॉक्टरांना चहाच्या टपरीवर गाठलं, उपरणं टाकलं आणि त्यांचा हात आवळला. "बोला. काय कबूल केलं पोरीला?"

त्यांनी दुसऱ्या हातानं चहाचा कप उचलला. पण हात चाचपणं हा माझा धंदा आहे. त्यांच्या बोटांची टोकं खरखरीत लागली, टोचून टोचून निबर झालेली. रोज सकाळी साखर तपासताना मी ईश्वरीचं बोट धरतो. तिच्या टोकांना आता तोच खरखरीतपणा यायला लागलाय.

"तिनंही असंच चाचपलं," डॉक्टर म्हणाले. "विचारलं, 'तुमी पण?' मी बोट दाबलं. एवढंच. दर काही ठरलाच नाही."

"कवापासून?"

"तिच्याएवढा होतो." त्यांनी हात सोडवला नाही. "तेव्हा कोणी विचारलं नाही, आबा. चौघं धरायचे."

मग खोक्याला उशीर होतोय म्हणून ते उठले, बेल्ट लावून निघून गेले. उपरणं तसंच त्यांच्या खांद्यावर गेलं.

उपरण्याचं बघू मागाहून. ते चौघं कोण होते, आज कुठं असतील, मला माहीत नाही. पण बेल्ह्याच्या बाजारात मी दर सोमवारी असतो. त्यांनी यावं, समोर उभं राहावं आणि सांगावं: आठ वर्षांच्या पोराचा हात धरायचाच होता, तर तो उपरण्याखाली का नाही धरला?