खेळपेटीची सांगायची किंमत

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, नकाशावर कुणाच्या तरी हातून हिरवा रंग सांडला असावा असं वाटतं ना, तिथे, एक न्यारी रीत होती. घरी पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं आणि मग घरातल्या वस्तूंच्या किमती सांगायच्या. पाणी एक वेळ राहिलं तरी चाले. किंमत राहिली तर पाहुणा रुसून जाई.

"ही चटई बरं का, चौदा आवळे," यजमानीण म्हणे.

"अगबाई, चौदा?" पाहुणी म्हणे. की पाहुणचार पुरा झाला.

आवळे म्हणजे त्या जंगलातले रुपये. अडीअडचणीला त्यांचं लोणचंही घालता येई, म्हणून आपल्या रुपयांपेक्षा बरे.

याच जंगलात एका सावरीच्या झाडावर टकोबा नावाचा सुतारपक्षी आणि त्याची बायको टकूबाई राहत. टकोबाच्या चोचीत मोठी कला होती. एकदा त्याने एक खेळपेटी बनवली. वाळका भोपळा कोरला. समोर कोळ्याचं जाळं ताणून पडदा केला. पडद्यामागे वीस काजवे बसवले. आत एक वाकडीतिकडी वाट, वाटेवर एक मुंगी आणि वाटेच्या टोकाला गुळाचा खडा. बाहेर डिंकाची दोन बटणं. डावं दाबलं की मुंगी पळे, उजवं दाबलं की उडी मारे. उडी चुकली की खड्ड्यात पडे, अंग झटके आणि पुन्हा उभी राही.

काजव्यांचं काम टकूबाईकडे. ती एकेकाला जागेवर बसवून समजावे, "तू गुळापाशी. मुंगी जवळ आली की चमकायचं. तोवर डुलक्या काढायच्या नाहीत."

पहिली पेटी तयार झाली तेव्हा दोघं नवराबायको खेळत बसले आणि जेवायचं विसरले. टकूबाईने मुंगीला गुळापर्यंत नेलं आणि आनंदाने फांदीला उलटी लटकली.

"हे खपणार हो," ती उलट्यानेच म्हणाली.

खपायला हवंच होतं. ढोलीत तीन अंडी होती आणि कोठारात काही नव्हतं. वाघोबांच्या दरबारातून टकोबाला नोकरीचा निरोपही आलेला होता. दरबाराच्या दारावर टकटक करून आल्यागेल्याची वर्दी द्यायची. पगार चांगला होता. पण आधीच्या टकटक्याने वाघोबा डुलकी घेत असताना टकटक केली होती, आणि त्यानंतर तो कुणाला दिसला नव्हता. जागा रिकामी झाली ती तशी.

"अंडी फुटायच्या आत पेट्या खपल्या नाहीत, तर मला जावं लागेल," टकोबा म्हणाला.

टकूबाईने अंड्यांवर पंख नीट पसरले आणि मनात ठरवलं, हे जाणार नाहीत.

त्यांनी पेटीची किंमत ठेवली दहा आवळे. भोपळा, जाळं, गूळ, मुंगीची मजुरी, सगळं धरून वर थोडं उरेल अशी.

पहिली आली ससूबाई. ती खेळली, पुन्हा खेळली, मागे रांग लागली तरी खेळली. मग विचारलं, "कितीला हो?"

"दहा आवळे."

ससूबाईचे कान खाली आले. "दहाच? पेटी सुरेख आहे, टकूबाई, नाही म्हणणार नाही. पण पाहुण्यांना दहा कसं सांगू? आमच्या पायपुसण्याचे बारा आहेत."

तिच्यामागे अस्वलीण होती. ती म्हणाली, "दहा? खेळण्याला दहा? आमच्या सासूबाईंनी ऐकलं तर मला गुहेबाहेर काढतील."

संध्याकाळपर्यंत हेच चाललं. अर्ध्या जंगलाला दहा फार कमी होते, अर्ध्या जंगलाला फार जास्त. पेटी मात्र सगळेच खेळून गेले. मुंगीची कंबर धरली.

तेव्हा रंगराव सरडा आला. शहराच्या वेशीवर खेळाच्या पेट्यांचं एक मोठं दुकान होतं, त्याच्या कुंपणावर रंगरावाची उमर गेली होती. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं लोक म्हणतात. रंगरावाचं म्हणणं, कुंपणावरून दुकान आतल्यापेक्षा छान दिसतं.

"वहिनी, तुमची पेटी एकटी आहे, इथेच चुकतंय," तो म्हणाला. "दोन ठेवा. ही साधी, दहा आवळे. आणि शेजारी राजेशाही, तीस आवळे."

"राजेशाहीत काय वेगळं घालायचं, भावजी?"

"मोराचं पीस."

"आणि?"

"पुरे की."

"त्याला तीस कोण देईल?"

"कुणी द्यावेत असं कुठे आहे? ती नुसती ठेवायची. तीसकडे बघून आलेल्याला दहा स्वस्त वाटतात. आणि ज्याला दहाची लाज वाटते, तो पाहुण्यांना सांगेल, तीसची मिळत होती, आम्ही वीस वाचवले." एवढं बोलताना रंगराव हिरव्याचा केशरी आणि केशरीचा जांभळा झाला. टकूबाईला वाटलं, इतके रंग बदलतोय म्हणजे अभ्यास बराच असावा.

तसंच केलं. आणि काय सांगू बाळांनो, साध्या पेट्या धडाधड खपल्या. घरोघरी पाहुण्यांना पाणी मिळू लागलं आणि पाठोपाठ "वीस वाचवले" हे ऐकायला मिळू लागलं. अस्वलिणीच्या सासूबाईंनी तर शेजारच्या तीन गुहांत जाऊन स्वतः सांगितलं. टकूबाईने कोठार झाडून घेतलं.

मग घोटाळा झाला. राजेशाही पेटी खपली.

ती घेतली दातेराव रानडुकराने. त्याच्या घरात तीसच्या खालची वस्तू नव्हती. त्याने आठवडाभर सगळ्यांना किंमत सांगितली. मग एकदा ससूबाईकडे गेला असताना सहज तिची साधी पेटी खेळला आणि तडक सावरीखाली येऊन उभा राहिला.

"टकूबाई, साधीतही वीस काजवे?"

"हो."

"मुंगी तीच? गूळ तोच?"

टकूबाई प्रामाणिक होती. "तोच," ती म्हणाली, "पण तुम्हाला वीस आवळे परत देते, दातेराव. पीस राहू द्या तुमच्याकडे."

दातेराव दुखावला. "आवळे परत? मी आवळ्यांसाठी आलो का? मला दहाचं गिऱ्हाईक ठरवताय? मला परत काही नको. ससूबाईची पेटी वाईट करा."

रंगराव फांदीवरून म्हणाला, "रास्त आहे."

झालं. टकूबाई साध्या पेट्यांतले काजवे काढायला बसली. पण पेटी भरतानाच सवयीने वीसही काजवे आपापल्या जागी जाऊन बसत. म्हणजे आधी वीस बसवायचे, मग पंधरा बाहेर काढायचे, रुसलेल्यांची समजूत घालायची आणि भोक लिंपायचं. साधी पेटी करायला राजेशाहीच्या दुप्पट वेळ लागू लागला.

"अहो, वाईट करायला चांगल्यापेक्षा जास्त कष्ट पडतात," ती टकोबाला म्हणाली.

"मग वाईट महाग विकू या का?" टकोबाने विचारलं. चोच दुखत होती बिचाऱ्याची.

इकडे पाच काजव्यांच्या पेटीत मुंगी अर्धा वेळ दिसेनाशी झाली. ससूबाईच्या पोरांना फार गंमत वाटू लागली. अंधारात अंदाजाने उडी मारायची म्हणजे काय थरार. पोरं जंगलभर सांगत सुटली, "आमची कठीण आहे, राजेशाही बाळबोध आहे."

दातेराव पुन्हा हजर. "आमची सोपी का?"

रंगरावाने तोडगा काढला. साधी आणि राजेशाही यांच्यामध्ये मध्यम काढा. मध्यम निघाली. मध्यमवाले राजेशाहीवाल्यांकडे बघून कष्टी झाले, म्हणून मध्यम-राजेशाही निघाली. साधीवाले मध्यमकडे बघून कष्टी झाले, म्हणून बरीच-साधी निघाली. मग हलकी-राजेशाही. मग पिसासकट पण काजव्यांशिवाय. प्रत्येक पेटीवर पळसाचं पान, पानावर टकोबाने चोचीने भोकं पाडून काढलेला आकडा, चारपासून नव्वदपर्यंत.

आता गिऱ्हाइकं पहाटे येत आणि पेट्यांसमोर उभी राहत. दुपारी तिथेच डबा खात. दिवस मावळला की "जरा विचार करून सांगतो" म्हणून परत जात. एकही पेटी खपेना. कोठारात पुन्हा वारा खेळू लागला.

आणि एका सकाळी दोन गोष्टी बरोबरच घडल्या. एका अंड्याला तडा गेला, आणि दरबाराचा हवालदार लांडगा झाडाखाली आला.

"टकोबा, उद्या कामावर यायचं. वाघोबांनी उद्या दुपारी डुलकी ठरवलीये, जपून."

टकोबाने मान खाली घातली. "येतो," तो म्हणाला.

टकूबाईने अंड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, खाली ताटकळलेल्या गर्दीकडे पाहिलं. मग ती भर्रकन खाली उतरली आणि तिने पेट्यांवरची पानं टराटरा उपटली. सगळी एका टोपलीत टाकली.

"वहिनी, अहो, धोरण," रंगराव म्हणाला. भीतीने तो पांढरा पडला होता, जो रंग त्याला येत नाही असं सगळ्यांना वाटे.

"ऐका," टकूबाई गर्दीला म्हणाली. तिचा आवाज मऊच होता, पण आज सगळ्यांना ऐकू गेला. "पेटी एकच. वीस काजव्यांची. द्यायची किंमत दहा आवळे. आणि घरी जाऊन सांगायची किंमत या टोपलीतून ज्याची त्याने उचला. एका पानाला एक आवळा."

ससूबाईचा एक कान हळूच वर आला.

"म्हणजे द्यायचे दहा आणि सांगायचे नव्वद?"

"नव्वद सांगा, नऊ सांगा. तुमचं घर, तुमचे पाहुणे."

"सासूबाईंसाठी चारचं पान आहे का?" अस्वलीण म्हणाली. "आणि बहिणीसाठी सत्तरचं?"

मग जी झुंबड उडाली. दुपारपर्यंत टोपली रिकामी. टकोबाने नवी पानं टोचायला घेतली. सगळ्यांना सगळं माहीत होतं बरं का. तरी पाहुणी "अगबाई, नव्वद?" म्हणायचीच, कारण तिच्याही घरी पान होतं.

चार दिवसांनी दातेराव आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "टकूबाई, नुसतं पान मिळेल का? पेटी ठेवायला जागा नाही."

त्याला हजारचं पान दिलं. त्याने ते दारावर लावलं. ते बघून बाकीच्यांनाही पेटीची अडचण वाटू लागली. नुसती पानं खपू लागली. कोठार भरलं, आणखी एक कोठार कोरावं लागलं. वाघोबांनीही पान मागवलं, पण राजाला आकडा शोभत नाही, म्हणून टकोबाने त्यावर "विचारू नका" असं टोचून दिलं. ते सगळ्यांत महाग ठरलं. टकोबाला दरबारात जावं लागलंच नाही, टकटक्याच्या जागेवर रंगराव लागला. तो दाराच्या रंगाचा होऊन बसतो, त्यामुळे वाघोबांना अजून सापडलेला नाही.

तिन्ही अंडी फुटली. पिल्लं पोटभर जेवली. पण टकोबा उदास होता. इतक्या सुंदर पेट्या ढोलीत पडून, आणि जंगलाला हवी होती पानं.

"पिल्लांना द्या की," टकूबाई म्हणाली.

पिल्लं खेळू लागली. ती चिवचिव ऐकून ससूबाईची पोरं आली, अस्वलिणीचं पिल्लू आलं, दातेरावाची सातही डुकरं आली. त्यांच्या घरी दारावर हजाराचं पान होतं आणि खेळायला काही नव्हतं. सावरीखाली नुसता धुडगूस. मुंगी गुळाला पोचली की सगळी एकदम ओरडत आणि वीस काजवे बिचारे दचकून विझत.

संध्याकाळी आया आल्या. "इथे खेळायचे किती घेता?" ससूबाईने विचारलं.

"काही नाही. फुकट."

सगळ्या आयांचे चेहरे उतरले. फुकट? हे पाहुण्यांना कसं सांगायचं? त्यांनी आपापलं पोर काखोटीला मारलं आणि चालू लागल्या. पोरं रडत मागे वळून बघत गेली. पेटीसमोर तीन पिल्लं उरली, तीही गप्प.

मग टकूबाईने पळसाचं एक मोठं पान घेतलं, नवऱ्याकडून त्यावर आकडा टोचून घेतला आणि झाडाच्या बुंध्याला लावलं. "खेळायला प्रवेश : पाचशे आवळे."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत सगळी पोरं हजर. न्हाऊन, केस विंचरून, आयांनी स्वतः आणून सोडलेली.

"पाचशे कुठे देऊ?" ससूबाईने मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"सावकाश द्या," टकूबाई म्हणाली. "घाई नाही."

ससूबाईने तिच्याकडे पाहिलं. मग ती हसली, पोरांना आत ढकललं आणि कान ताठ करून घरी गेली. पाहुणे यायचे होते.

तात्पर्य : बाळांनो, वस्तू चांगली करत बसू नये, किंमत चांगली करावी. आणि मुलांना एखादं सुख फुकट द्यायचंच असेल, तर ते आईबापांना परवडणार नाही इतकं महाग करून द्यावं.