धुता येईल असं कातडं

दर रविवारी सकाळी मोकाशी काका आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये मोटरसायकलच्या मागे एक नारळ फरफटवत नेतात. नारळावर चामड्याचा तुकडा घट्ट शिवलेला असतो. गेटपासून पंपरूमपर्यंत दोन फेऱ्या झाल्या की काका उतरतात, उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि नारळ निरखतात. "वाचला!" म्हणाले की चामडं पास. "गेला!" म्हणाले की नापास. नारळ म्हणजे माणसाचा गुडघा, हे आम्हाला कळायला बरेच रविवार जावे लागले.

तोवर सोसायटीने आपल्या कुवतीप्रमाणे अर्थ लावून घेतला होता. एकदा असा एक नारळ काका पंपरूमपाशीच विसरले, आणि करणी केली, करणी केली म्हणत अख्खी बी विंग खाली जमली. सेक्रेटरी भागवतांनी लांबूनच गोमूत्र शिंपडलं आणि नारळ उचलायला वॉचमनला पुढे केलं. तेवढ्यात काका दुधाची पिशवी घेऊन आले. त्यांनी नारळ उचलला, कानाशी हलवला आणि म्हणाले, "पाणी आहे अजून. कोणाला पाहिजे का?"

कोणालाच नको होतं.

माझं दार त्यांच्या दारासमोर, त्यामुळे या माणसाचा ताप सगळ्यात जास्त मला. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात काकांनी जन्म काढला. कापडाचा रंग धुण्यात टिकतो की नाही, ते तपासायचं, एवढंच काम. रिटायर झाले तरी तपासणी सुटली नाही. "पाण्यात घालून बघा," हा त्यांचा सगळ्यावरचा उपाय. नवा नगरसेवक निवडून आला? "पाण्यात घालून बघा." मला स्थळ आलं, तेव्हाही तेच. "सुनीता, पाण्यात घालून बघ आधी. पहिल्या धुण्यात रंग सोडेल हा." सोडला त्याने. ते जाऊ दे.

चामड्याचं खूळ सुरू झालं ते कात्रपच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे. गाडी घसरली, काका पडले, मागे बसलेल्या काकूही पडल्या. दोघांचे गुडघे सोलवटले. खड्डा अजून तिथेच आहे, उलट वाढलाय. काकांनी काय करावं? गाडीवर घालायची चामड्याची पँट घरीच शिवायला घेतली. उल्हासनगरच्या एका बंद पडलेल्या जीन्सच्या कारखान्यातून जुनं मशीन उचलून आणलं. विकत तयार पँट मिळत नाही असं नाही. पण काकांना धुता येईल असंच चामडं हवं होतं.

एकदा मला ड्रेसचं कापड घ्यायचं होतं, म्हणून त्यांच्या मागे बसून उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेले. माझीच अक्कल! काका आधी चामड्याच्या दुकानात शिरले.

"हे पाण्यात घालून दाखवा."

"साईं, लेदर धोने का नहीं, पोंछने का," सिंधी दुकानदार म्हणाला. "कपडा थोडी है!"

"पण धुवायचं असेल तर?"

"अरे बाबा, लेदर को रोज कौन धोता है?"

यावर काकांनी हातातला तुकडा ठेवला आणि दुसरा उचलला. एरवी त्यांनी तासभर वाद घातला असता, पण मला माझ्या कापडाची घाई होती.

मेंढीचं चामडं लोण्यासारखं मऊ, पण नारळावर टिकेना. म्हशीचं दणकट, पण धुऊन वाळलं की पापडासारखं कडक. शेवटी बकऱ्याचं जरा जाड चामडं मिळालं. ते कोमट पाण्यात, रिठ्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि अर्धवट ओलं असताना हाताने चोळत राहायचं. "आणि पिळायचं नाही," काका मला दहादा बजावायचे, जशी काही मी रोज कातडी धुते. "दाबून पाणी काढायचं. पिळलं की कातडं कामातून जातं."

गच्चीत तुकडे वाळायला लागले तेव्हा भागवतांनी ग्रुपवर फोटो टाकला. कुरडयांशेजारी चामडं! लोकांच्या भावना दुखावल्या. ज्यांच्या कमरेला चामड्याचे पट्टे आणि खांद्याला चामड्याच्या पर्सेस, त्यांच्याच जास्त दुखावल्या. तेव्हापासून काका आपल्या बाल्कनीत वाळत घालू लागले, आणि वास माझ्या स्वयंपाकघरात यायला लागला.

त्या वासाचं भांडण घेऊनच मी एक दिवस त्यांच्याकडे गेले. काका घरात नव्हते. काकूंनी दार उघडलं. काकू खाली उतरून दोन वर्षं झाली होती. नारळाची चौकशी सगळ्यांनी केली, काकूंची कोणी केली नव्हती.

"रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "ते सगळं माझ्यासाठी चाललंय. मला लघवी थांबत नाही. औषधं झाली, व्यायाम झाले. गाडीला धक्का बसला, नुसती हसले, तरी होतं. चामड्यातून बाहेर झिरपत नाही, आणि घरी येऊन धुता येतं."

अंबरनाथला जाऊबाईंकडे गेल्या असताना एकदा साडी भिजली. पुढच्या वेळी काकू बसायच्या आधीच जाऊबाईंनी भरल्या घरात सोफ्यावर पेपर अंथरला.

"मी बसले गं त्या पेपरवर," काकू म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं.

"मग काका सांगत का नाहीत कोणाला? लोक त्यांना चक्रम म्हणतात."

"मी हेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, म्हणू देत. नवरा चक्रम असला की बायकोकडे कोणी बघत नाही."

वासाचं भांडण तिथेच राहिलं.

पँट तयार झाली. काळी, गुडघ्यावर दुपदरी, आतून अस्तर. जाऊबाईंच्या नातवाचं बारसं होतं. काकू ती पँट आणि वर लांब कुर्ता घालून जिना उतरल्या, तेव्हा भागवत तोंड उघडं ठेवून बघत होते. म्हाताऱ्या बाईने चामड्याची पँट घातलेली त्यांनी कधी पाहिली नसावी. काकूंनी हेल्मेट चढवलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी गेटबाहेर गेली. मला इतका आनंद झाला की मी भागवतांशीसुद्धा बरं बोलले.

संध्याकाळपर्यंत येणार नाहीत असं वाटलं होतं. जेवायच्या आधीच परत आले. मी धावत गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, हेल्मेट मांडीवर.

"कोरडी होते गं मी. थेंब नव्हता. तरी तिने पेपर अंथरला."

"मग?"

"या वेळी बसले नाही. बाळाच्या बोटात अंगठी घातली आणि उभ्या उभ्या निघाले."

बाल्कनीत बादलीचा आवाज येत होता. काका ती कोरडी पँट धूत होते. धूत कसले, दोन्ही हातांनी पीळ घालत होते. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या.

"काका, पिळायचं नसतं ना?"

त्यांनी हातांकडे पाहिलं. पीळ सैल केला. पँट कठड्यावर पसरून गुडघ्यावरच्या चुण्या तळव्याने सरळ करायला लागले. बराच वेळ करत राहिले.

"पुढच्या रविवारी हिला बारवी धरणाकडे नेतो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तिकडे सोफे नसतात."