गर्गेबाईंची बॅटरी

गाडी सुरू करण्याआधी लोक देवाचं नाव घेतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गर्गेबाई बॉनेट उघडून बॅटरीला ढकलायच्या. पदर खोचून, पाय रोवून, दोन्ही तळहात टेकवून म्हणायच्या, "हल बघू." बॅटरी हलायची नाही. मग बॉनेट बंद करून बाई गाडीत बसायच्या. भाजीबाजारापर्यंत जायचं असलं तरी यात कधी खंड पडला नाही.

ही ऐंशी सालच्या आगेमागची गोष्ट. आम्ही तेव्हा नाशकात गंगापूर रोडला भाड्यानं राहत होतो. मी जिल्हा परिषदेत कारकून आणि बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. गावोगावचे तीन-तीन मिनिटांचे ट्रंक कॉल जोडण्यात त्यांचा जन्म गेला होता, वय पन्नाशीला टेकलं होतं, लग्न केलेलं नव्हतं. नोकरीची सवय घरीही सुटत नसे. माझी बायको सुशीला त्यांच्याशी गप्पा मारत बसली की मध्येच त्या "तीन मिनिटं झाली" म्हणून उठायच्या. सुशीलाला आधी राग यायचा. नंतर ती महत्त्वाचं तेवढं सुरुवातीलाच बोलून घेऊ लागली.

"हलतं ते सांडतं," हे बाईंचं आवडतं वाक्य. त्यांच्या घरात हलणारी वस्तू नव्हती. चष्म्याला दोरी, छत्रीला साखळी, फडताळातल्या बरण्यांना कमरपट्टा. भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्यानं फडफडतं म्हणून त्याला खालूनही खिळा ठोकलेला होता. त्यामुळे महिना बदलायचा म्हणजे पक्कड शोधावी लागे, आणि पक्कड बांधलेली असायची मोरीच्या नळाला.

पण खरा जीव त्या बॅटरीवर. गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची, अण्णांची, जुनी फियाट. अण्णा वारले तेव्हा आम्ही तिथे राहायला आलोही नव्हतो. बॅटरी ज्या पत्र्याच्या खणात बसते तो खण बाईंनी नवा करवून गाडीच्या अंगाला बोल्टांनी आवळला होता. वरून लोखंडी चौकट, तिला दोन्हीकडून लांब बोल्ट, चौकटीला सायकलच्या ट्यूबचं आवरण. लोखंड बॅटरीच्या टोकांना टेकलं तर ठिणगी उडते म्हणून टोकांनाही रबरी टोप्या. एवढ्यावर समाधान नाही म्हणून खाटेला विणतात ती जाड नवार घेऊन तिचा पट्टा सगळ्यावरून आवळलेला. मी एकदा म्हणालो, "बाई, बॅटरी आहे, कैदी नाही."

"अहो गांगुर्डे, वळणावर आपण वळतो. बॅटरीला कुणी सांगितलेलं असतं का? ती आपली सरळ निघते. धोंड्यासारखी जड वस्तू, पोटात ॲसिड. एकदा कलंडली की गाडी बंद, वर पत्र्याची चाळण." मी मान डोलावली. भाजी आणणाऱ्या गाडीला इतकी वळणं कुठून येतात, हे विचारायचं राहून गेलं.

ते एका रविवारी कळलं. बाई वर आल्या आणि आधीच सगळं महत्त्वाचं बोलून मोकळ्या झाल्या. गावातल्या एका क्लबानं मोटारींची रॅली ठेवली होती. नाशिकहून घोटी, तिथून वैतरणेच्या अंगानं डोंगरातले रस्ते आणि परत. त्यांनी नाव दिलं होतं. शेजारी बसून रस्ता वाचायला माणूस लागतो, म्हणून माझंही दिलं होतं.

"बाई, मला गाडी लागते."

"आल्याचा तुकडा तोंडात धरून बसा. गांगुर्डे, इतकी वर्षं मी ही गाडी हळू चालवली. एकदा पळवून बघायचीय. परत मला जमेल असं नाही."

असं मागणं बाईंनी कधी कुणाजवळ केलेलं नव्हतं. सुशीलानं माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं.

रॅलीच्या दिवशी मैदानावर चांगल्या घरची पोरं गॉगल लावून उभी होती. त्यांच्यात बाई नऊवारी नाही पण सुती पाचवारीत, पायात कॅनव्हासचे बूट. सुशीला डबा घेऊन आम्हाला पोचवायला आलेली. गाड्या तपासायला मुंबईहून एक सफारीवाले गृहस्थ आले होते. ते प्रत्येकाचं बॉनेट उघडून बॅटरी हलवून बघत. आमच्या गाडीशी आले, ढकललं, पुन्हा ढकललं. गाडी हलली, बॅटरी नाही.

"उत्तम," ते म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग गृहस्थांनी खिडकीतून आत डोकं घातलं. माझ्या सीटला नवारीचा पट्टा होता, खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा. एरवी त्यात बाईंची पर्स बांधलेली असे आणि आम्ही सगळे त्या पर्सला हसत असू.

"ड्रायव्हरचा पट्टा कुठंय?"

"मला कशाला पट्टा? मी स्टिअरिंग धरलेलं असतं."

"बॅटरीनंही वायरी धरलेल्याच असतात, बाई. दोन्ही पट्टे पाहिजेत. नाहीतर गाडी सुटणार नाही." आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.

बाईंनी बॉनेट बंद केलं. म्हणाल्या, "चला गांगुर्डे, घरी जाऊ." खरं तर रॅली रद्द व्हावी म्हणून मी आठवडाभर मनातल्या मनात नवस बोलत होतो. पण त्यांचा चेहरा बघून मलाच राग आला. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बघितलं. खाली पत्र्यात आणि दाराच्या खांबात रबरी बुचं बसवलेली होती.

"ही कसली बुचं?"

"भोकं आहेत तिथं. आवाज येऊ नये म्हणून बुजवलीत. अण्णांची एक बाजू गेली होती. दर आठवड्याला त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं, तर वळणावर ते कलंडायचे. कितीही हळू चालवा. एकदा दारावर आपटून कपाळ फुटलं. मग त्यांच्यासाठी पट्टा केला. गॅरेजमधला रफिक म्हणाला, बाई, एकाच बाजूला काय, दोनों तरफ भोकं मारून ठेवतो. मी म्हटलं मार. पण माझ्या बाजूला पट्टा लावायचा राहिला."

"का राहिला?"

"अण्णांचा पट्टा मी ओढून बघायचे. माझा कुणी बघायचा?"

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, नंबर लागत नाही सांगावं तसं. सुशीला तोवर डिकी उघडून मोकळी झाली होती. तिथे बॅटरीसाठीची जादा नवार होती, बकल होतं, बोल्ट होते, पाने होते, अर्थात सगळं बांधलेलं. मी गाडीखाली शिरलो. वरून बाईंच्या सूचना चालूच, "वॉशर मोठा घ्या गांगुर्डे, नाहीतर पत्रा फाटेल."

बाई बसल्या. मी पट्टा आवळला, बकल लावलं, आणि खांद्याजवळ धरून जोरात ओढून बघितलं.

"हला बघू," मी म्हणालो.

बाई हलल्या नाहीत. डोळे भरून आले होते, ते त्यांनी चष्म्याच्या दोरीशी चाळा करून लपवले. मग म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. बसा गाडीत."

त्या दिवशी बाईंनी गाडी जी काही पळवली, ती सांगण्यासारखी नाही. निम्मा वेळ माझे डोळे मिटलेले होते. घोटीच्या पुढे एका वळणावर एक गॉगलवाला बॉनेट उघडून उभा होता, बॅटरी आडवी होऊन ॲसिड सांडलेलं. बाईंनी खिडकीतून त्याला "हलतं ते सांडतं" एवढं ऐकवलं आणि वेग कमी केला नाही. शेवटून तिसरे आलो. पण आलो.

त्यानंतर रोज सकाळी बाई खाली एकदा हॉर्न वाजवायच्या. मी ऑफिसला निघता निघता खिडकीतून हात घालून पट्टा ओढायचो, "हला बघू" म्हणायचो, आणि मगच गाडी सुटायची. सुशीला म्हणायची, तुम्हाला एक नोकरी पुरत नाही का.

एकदा मला ताप आला. सकाळी हॉर्न वाजला, मी उठू शकलो नाही आणि सुशीला पाण्याला गेली होती. संध्याकाळी बाई पेजेचं पातेलं घेऊन वर आल्या. झाकण अर्थातच सुतळीनं बांधलेलं. मी सहज विचारलं, "आज गाडी कशी चालली?"

"गाडी नाही नेली," त्या सुतळी सोडता सोडता म्हणाल्या. "रिक्षानं गेले. पट्टा बघायला कुणी नव्हतं."