पाकातली किटली

किटली ओट्यावर मान टाकून पडली होती. शेजारी चार कप, चार बश्या, सगळे तसेच गळून गेलेले. क्रोशाच्या विणकामाचं असंच असतं. खळ घालून ताठ केल्याशिवाय त्याला धड उभंही राहता येत नाही. घड्याळजी त्या किटलीकडे बघत होता आणि त्याची अवस्था किटलीहून वाईट होती.

सकाळी ड्युटीवर जाताना त्याची नर्स बायको बजावून गेली होती, "अहो, तुमचा हात हलका आहे म्हणून तुमच्यावर सोपवतेय. खळ घालायची, वाळवायचं आणि पाचच्या आत प्रदर्शनात नेऊन ठेवायचं. मी परस्पर तिकडेच येते. यंदा पुन्हा उत्तेजनार्थ मिळालं ना, तर माझ्याइतकी वाईट कोणी नाही!" दरवर्षी तिच्या वाट्याला उत्तेजनार्थ बक्षीसच येई. घरात उत्तेजनार्थ डबे होते, उत्तेजनार्थ ट्रे होता, भिंतीवर एक उत्तेजनार्थ घड्याळही होतं आणि ते खुद्द घड्याळजीकडूनही दुरुस्त होत नव्हतं.

त्याने खळीचा डबा उघडला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. डबा रिकामा! गेल्या आठवड्यात हौसेने सगळी खळ त्यानेच आपल्या शर्टांना घातली होती. तो तसाच लाँड्रीवाल्याकडे धावला.

"खळ म्हणा, कांजी म्हणा, स्टार्च म्हणा, माझ्याकडे काही नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "हल्ली कडक कपडे घालतंय कोण? लोक चुरगळलेलेच विकत घेतात."

"अरे बाबा, माझ्या संसाराचा प्रश्न आहे!"

"मग साखरेचा पाक लावा. आमची आजी लेसला तोच लावायची. दगड होतो, दगड!"

पाक किती आटवायचा हे मात्र आजीबरोबरच गेलं होतं. घड्याळजीने घाबरत घाबरत तो इतका आटवला की त्याला छान सोनेरी रंग चढला. पांढरीशुभ्र किटली त्यातून पिवळीधमक होऊन बाहेर आली. त्याने आत वाटी घालून तिला आकार दिला, पंख्यासमोर ठेवलं, वाळल्यावर टिचकी मारून पाहिली. टण्ण आवाज आला. क्षणभर त्याला आपल्या हातांचं फार कौतुक वाटलं. तेवढ्यात खिडकीतून मुंग्यांची रांग आली.

त्याने ओल्या फडक्याने मुंग्या पुसल्या, तर किटलीची तोटी लोळागोळा झाली. पुन्हा पाक, पुन्हा पंखा. शेवटी त्याने सगळा सेट ताटलीत मांडला, मुंग्या चढू नयेत म्हणून ताटली पाण्याच्या परातीत ठेवली आणि ते प्रकरण दोन्ही हातांनी सावरत, रस्ताभर स्वतःला शिव्या देत, तो कसाबसा प्रदर्शनाच्या दारात पोचला.

"गोड पदार्थ डावीकडे," बिल्ला लावलेला कार्यकर्ता म्हणाला.

"अहो, हे विणकाम आहे!"

"काका," परातीत तरंगणाऱ्या मुंग्या दाखवत तो म्हणाला, "विणकामाला मुंग्या लागत नाहीत. आणि हस्तकलेचा हॉल बंद झालाय. पदार्थांना अजून पाच मिनिटं आहेत. बघा बुवा."

रिकाम्या हाताने बायकोसमोर उभं राहण्यापेक्षा डावीकडे गेलेलं बरं, असं वाटून घड्याळजीने बायकोच्या नावाची चिठ्ठी लावली आणि किटली केकच्या शेजारी ठेवली. आता उत्तेजनार्थही मिळणार नव्हतं. खांबाआड जाऊन तो रडायचाच बाकी होता.

बायको युनिफॉर्मवरच धापा टाकत आली, तेव्हा निकाल सुरू झाले होते. हस्तकलेत तिचं नाव कुठेच आलं नाही. तिने गर्दीत नवऱ्याला शोधायला मान वळवली, तोच प्रमुख पाहुण्या माइकवर म्हणाल्या, "गोड पदार्थ, पहिला क्रमांक! साखरेची जाळीदार किटली!" आणि त्यांनी तिचं नाव पुकारलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गोंधळलेली बायको स्टेजवर चढली आणि पाहुण्यांनी ढाल तिच्या हातात ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं घड्याळजीला धाडस झालं नाही.

"इतकी नाजूक जाळी मोडायला परीक्षकांचा हातच धजेना," पाहुण्या हसून म्हणाल्या. "तेव्हा पहिला तुकडा मीच चाखते."

त्यांनी सुरी उचलली. घड्याळजीच्या डोळ्यांसमोर बायकोच्या सगळ्या दुपारी उभ्या राहिल्या, ड्युटीवरून येऊन सुजलेले पाय स्टुलावर ठेवून विणत बसलेली ती दिसली. जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेला माणूस गरजला, "थांबा! कापू नका! तो दोरा आहे! माझ्या बायकोने विणलाय!"

पाहुण्यांनी किटलीचं नाक नखाने खरवडून पाहिलं, बायकोच्या हातातली ढाल अलगद काढून घेतली आणि दुसऱ्या आलेल्या केकवाल्या बाईंना वर बोलावलं.

घरी परतताना बायको चार पावलं पुढे चालत होती. मागून घड्याळजी हळूच म्हणाला, "अगं, किटली तरी वाचली."

ती रस्त्यातच थांबली. डोळे भरून आले होते.

"कापू द्यायची होती हो! नाव पुकारून झालं होतं, टाळ्या पडल्या होत्या, ढाल हातात आली होती. किटली मी पुन्हा विणली असती. पहिला नंबर कुठे विणता येतो?"