दाढेचा तह आणि नव्या गाण्याची फत्ते

वाचकसाहेबांचे हुजुरास अर्ज ऐसा जे, आपण पुसिले की मातीबुवांनी नवे गाणे कैसे सर केले, त्याची खरी हकीकत लिहोन कळवावी. त्यावरून जे डोळां देखिले व जे शेजारियांनी भिंतीआडून ऐकिले, ते पदरचे काही न घालिता लिहितो.

मातीबुवा म्हणजे विमा कचेरीतील कारकून, वय सत्तेचाळीस, मुक्काम तिसरा मजला. गिटार घेऊन मातीची गाणी रचावी आणि आपणच गावी, हा त्यांचा लौकिक. म्हणोन दोस्तमंडळींनी हा किताब बहाल केला. खाशांचा पाय चिखलात पडल्याचे कोणाचे स्मरणात नाही. गाताना मात्र जीभ जड करून, गळा खरडून, ऐसा रांगडा आवाज काढीत की ऐकणारास वाटावे, गडी आत्ताच औत सोडून आला. अकरा वर्षे नवे गाणे जाहले नव्हते. मग त्यांनी घरात जाहीर केले की हे एक गाणे ध्वनिमुद्रित करीन, न साधल्यास गिटार माळ्यावर टाकीन; आणि कचेरीतून चार दिवसांची रजा मंजूर करून घेतली.

गाण्याचे नाव ‘पाभर माझ्या पाठीवरी’. पाच कडवी, त्यांत बैल, बांध, भुई, पेरणी, ऐसा मोठा सरंजाम. ते प्रथम सासरेबुवांपुढे पेश केले. सासरेबुवांनी चाळीस वर्षे माळीकाम केले होते आणि अद्याप शाळेची बाग राखीत होते. त्यांनी डोळे मिटून सारे ऐकिले आणि म्हणाले, “जावईबापू, चाल झकास आहे. पण पाभर पाठीवर नसते हो. ती बैलांमागं बी पेरत चालते.”

हा घाव वर्मी बसला. बुवा त्या रात्री जेवले नाहीत, आणि मग रागाचे भरात सहावे कडवे लिहिले. परंतु ते वाचून आपलीच आपणांस शरम वाटली, सबब ते कागदाचे तळाशी बारीक अक्षरांत राहिले.

मग स्वारी ध्वनिमुद्रणाचे खोलीत दाखल जाहली. खोली चांगली, भिंतींस गाद्या ठोकिलेल्या, मुद्रकही जाणता. परंतु खालचे मजल्यावर दातांचे डॉक्टर. बुवांनी ‘पाभर’ म्हणोन सूर लावावा आणि खालून दाढ कोरण्याचे यंत्राने त्याच सुरात किंकाळी फोडावी, ऐसे तीन दिवस युद्ध चालिले. मुद्रक हैराण जाहला. बुवांनी यंत्रावर आवाज चढविला, यंत्र हटेना. चौथा दिवस, रजेचा अखेरचा, उजाडला.

तेव्हां बाईसाहेब, म्हणजे बुवांचे कुटुंब, मैदानात उतरल्या. “अहो, तुम्ही वर ओरडताय, ते खाली कोरतायत. कुणी जाऊन बोललंय का त्यांच्याशी?” कोणी बोलिले नव्हते. मग त्या बुवांस घेऊन आपणच वकिलीस गेल्या. डॉक्टरांनी अर्ज ऐकिला, एक ते पावणेदोन यंत्र बंद राहील ऐसा कौल दिला. परंतु बोलता बोलता त्यांची नजर बुवांचे जबड्यात गेली.

“ही दाढ अशी ठेवून गाता तुम्ही? बसा खुर्चीत.”

“आज नको, डॉक्टर. आज गाणं आहे.”

“बसा म्हटलं ना!” बाईसाहेबांचा हुकूम सुटला.

बुवा बसले. सुई टोचली, दाढ भरली, आणि एकाचे ठोक्यास बुवा वर आले ते अर्धे तोंड बधिर घेऊन. आता ओठ मिटेनात. ‘पाभर’ म्हणों जाता ‘हाहर’ निघे, ‘बैल’ म्हणों जाता नुसती लाळ. पाचही कडव्यांची फौज ओठांवरच गारद जाहली. मुद्रक काचेआड तोंडावर रुमाल धरून बसला. वीस मिनिटे उरली. मग बुवांनी कागद वरून खाली चाळिला, तो ओठ न मिटिता म्हणतां येईल ऐसे एकच कडवे हाती लागले, ते तळाचे:

तुझे हात चिरलेले, नखांत रेघ काळी;
कष्ट तुझ्या घरचे रे, इकडे घेतली टाळी.

जीभ जड करणे नाही, गळा खरडणे नाही. तितकी ताकद जबड्यात नव्हतीच. एका दमात गाइले. मुद्रकाने तोंडावरील रुमाल काढिला. मग म्हणाला, “बुवा, हा आवाज इतकी वर्षं कुठं ठेवला होता?” बुवांस आनंद व्हावा की अपमान, याचा निवाडा जाहला नाही.

पुढे रविवारी सायंकाळी वाचनालयाचे दालनात मैफल मुक्रर जाहली. खुर्च्या साठ, माणसे सतरा, त्यांत आप्त अकरा. जबडा आता शाबूत, सबब बुवांची जुनी खोड उसळली आणि मातीवर भाषण सुरू जाहले, ते दहा मिनिटे आटपेना. सासरेबुवा पहिल्या रांगेतून म्हणाले, “जावईबापू, बोलणं आवरा. गा की!”

हंशा पिकला. बुवा लाल जाहले, मग खाली मान घालून ते कडवे गाइले, साध्या आवाजात. सोळा जणांनी टाळी दिली. सासरेबुवांनी आपले हात पाहिले आणि खिशात घातले. बुवांनी ते देखिले. गिटार ठेविली आणि थेट त्यांचे खुर्चीपाशी गेले.

“आवडलं नाही का, मामा?”

“खरं लिहिलंय. म्हणून अवघड वाटलं,” सासरे म्हणाले. मग खाकरले. “उद्या सकाळी सातला बागेत या. वाफा खणायचाय.”

येणेप्रमाणे नवे गाणे मुद्रित होऊन मैफलीत फत्ते पावले, गिटार माळ्यावर गेली नाही. दुसरे दिवशी मातीबुवा सात वाजतां कुदळ घेऊन खासा मोहिमेवर हजर जाहले, सव्वासातास पहिला फोड आला, साडेसातास कंबर धरून बांधावर बसले, आणि सासरेबुवांनी त्यांस पाण्याचा तांब्या दिला. वाफा सासरेबुवांनी पुरा केला. हे सत्य जाणोन दफ्तरी दाखल केले असे.