डोंगर निवड समितीचं कामकाज

कोणताही डोंगर जन्मतः रमणीय नसतो; त्याला तसं ठरवावं लागतं. ठरवण्यापूर्वी तो नुसताच उंच असतो आणि रस्त्यात असतो. हे सत्य आमच्या कुटुंबाला वेळीच उमगलं, याचा मला अभिमान आहे. इतर घरांतले लोक उठतात, गाडीत बसतात, समोर येईल तो डोंगर बघतात आणि घरी येऊन जेवतात. अशा लोकांचं पुढे काय होतं याची आकडेवारी उपलब्ध नाही, पण चांगलं होत नसणार.

प्रकरण सुरू झालं ते आमच्या आईच्या डोळ्यांवरून. आईनं पस्तीस वर्षं शिंप्याच्या दुकानासाठी घरी बसून काजं-बटणं केली. तिची खुर्ची खिडकीशी, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. (भिंत राखाडी होती. मध्ये एकदा तिला पिवळा रंग दिला, तेव्हा आई आठवडाभर खुशीत होती.) डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "पडद्याचा मधला भाग झिजतोय. समोरचं पुसट होत जाईल, कडेचं राहील. वर्ष म्हणा, कदाचित कमीच. त्यांना काही दाखवायचं राहिलं असेल तर दाखवून घ्या."

घरी येताना बसमध्ये आई म्हणाली, "मला एकदा आगगाडीतून डोंगर बघायचेत रे. ती सकाळची पॅसेंजर नाही का, आपल्या स्टेशनवरून सुटते आणि घाट चढून जाते? तीत बसू या की उद्या."

"बघू," दादा म्हणाला.

इथे एक खुलासा करतो. आमच्या घरात 'नाही' हा शब्द वापरत नाहीत. तो उद्धटपणा समजला जातो. त्या जागी 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हटलेल्या गोष्टींपैकी प्रत्यक्षात किती बघितल्या गेल्या याचं प्रमाण मी काढलं आहे : एक्केचाळीसात दोन. त्यातली एक म्हणजे मोरीतला गळका नळ, आणि दुसरी म्हणजे तोच नळ, पुन्हा गळायला लागल्यावर.

पण आईचा मामला नळाइतका साधा नव्हता. म्हणून दादानं त्याच संध्याकाळी डोंगर निवड समिती नेमली. दादा विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो, त्यामुळे निसर्गाकडे बघण्याची त्याची नजर तयार आहे. तो अध्यक्ष. ताई शाळेत भूगोल शिकवते, म्हणजे तिला सगळे डोंगर पाठ आहेत आणि एकही बघण्याची गरज पडलेली नाही. ती तज्ज्ञ सदस्य. वहिनी औषधांच्या दुकानात असतात. त्या गाडी लागण्याच्या गोळ्यांपुरत्या सदस्य. मी सरकारी फॉर्म छापणाऱ्या कचेरीत रकाने आखतो, म्हणून चिटणीस. आई लाभार्थी. (लाभार्थीला मत नसतं, हे तत्त्व जगभर मान्य आहे.)

पहिल्याच बैठकीत लाभार्थीची सूचना विचारात घेऊन फेटाळण्यात आली. कारणं तीन. एक, सदर गाडीला नाव नाही, फक्त वेळ आहे. दोन, तिच्यातून लोक रोज कामावर जातात आणि घाट लागला की झोपतात. ज्या घाटात माणसं घोरतात तो रमणीय कसा? तीन, ती उद्या आहे. चांगली गोष्ट उद्या मिळत नसते.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मुदतीचं काय, असं वहिनींनी विचारलं. दादानं क्षणभर विचार केला. "कडेचं राहील म्हणाल्या ना त्या? मग झालं तर. गाडीत बसल्यावर डोंगर कडेलाच असतात. समोर इंजीन असतं."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. मी इतिवृत्तात लिहिलं : मुदतीचा प्रश्न निकाली.

त्यानंतर देशोदेशीचे त्रेसष्ट रमणीय रेल्वेप्रवास गोळा करून त्यांना शंभरपैकी गुण देण्यात आले. दरीवरच्या पुलाला पाच. धबधब्याला चार; पाणी नसल्यास दोन (खडक तरी असतो). बर्फाला सहा, पण तो वितळलेला असू नये. बोगद्याला दर सेकंदाला अर्धा गुण वजा. हा नियम इतका काटेकोर निघाला की एका जगप्रसिद्ध मार्गाला उणे दोनशे अकरा गुण पडले आणि ती गाडीच प्रवाशांचं काही देणं लागते असं सिद्ध झालं. श्रेणीही तीन केल्या : रमणीय, अतिरमणीय आणि अविस्मरणीय. अविस्मरणीय म्हणजे ज्याचा फोटो काढावा लागतो तो. (जे विसरताच येत नाही त्याचा फोटो कशाला, असा वहिनींचा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा ठरला.)

मग प्रवाशांचे अभिप्राय वाचायला घेतले. हे काम ताईनं अंगावर घेतलं आणि ती त्यात चार महिने गुंतली. एकानं एकच तारा दिला होता, कारण डोंगर फार उंच असल्यामुळे आकाश नीट दिसलं नाही. एकीनं पाच तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'सीट मऊ, छान झोप लागली.' 'बोगद्यात काहीच दिसलं नाही' अशी तक्रार करणारे एकोणीस जण भेटले. ताई म्हणाली, जनमत दुभंगलेलं आहे, आणखी वाचायला हवं. (याच सुमारास आईनं चहा कपाऐवजी बशीत ओतला. नोंद घेण्यात आली.)

आई मधूनमधून दारात येऊन उभी राहायची. "ठरलं का रे?"

"होतंय, होतंय," आम्ही म्हणायचो. "तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"हो रे, दिसतंय मला," ती म्हणायची आणि भिंतीला हात लावत आत जायची.

अखेर आठव्या महिन्यात एक्याण्णव गुणांची गाडी निवडली गेली. तिला काचेचं छप्पर होतं आणि नाव तर इतकं लांब होतं की तिकिटावर दोन ओळींत मावलं. आता एकच मुद्दा उरला : खिडकी कुठली? अर्धे अभिप्राय 'डावीकडेच बसा' म्हणत होते आणि उरलेले 'उजवीकडेच बसा'. दादानं विचारलं, डावी म्हणजे जातानाची की येतानाची? ताई म्हणाली, इंजिनाकडे तोंड केलं तर की पाठ केली तर? या मुद्द्यावर अकरा दिवस गेले. दादा आणि ताईचं बोलणं बंद झालं आणि दोघांचे निरोप नेताना मी माझ्याच घरात ये-जा करून दमलो. शेवटी वाद मिटावा म्हणून दोन्ही बाजूंच्या खिडक्या सदस्यांना वाटून दिल्या. आईला मधली जागा दिली, म्हणजे कुणावर अन्याय नको. (याच महिन्यात तिनं सुई-दोरा डब्यात घालून झाकण लावलं. आम्हाला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी विश्रांती घेईल.)

आरक्षण मिळायला आणखी पाच महिने लागले. निघायच्या आठ दिवस आधी दरड कोसळून तो मार्ग बंद झाला. कंपनीनं दिलगिरीचं पत्र पाठवलं. पत्र अतिरमणीय होतं, चित्रासकट.

समितीनं चौदा महिन्यांत बावन्न बैठका घेतल्या होत्या. रजा मंजूर होत्या, बॅगा भरलेल्या होत्या, वहिनींच्या गोळ्या तयार होत्या. तेव्हा पर्यायी व्यवस्था म्हणून, कोणताही पायंडा न पाडता, सकाळच्या पॅसेंजरनं जावं असं एकमतानं ठरलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं." इतकंच.

गाडीला गर्दी नव्हती. घाट लागल्याबरोबर कामावर जाणारे सगळे प्रथेप्रमाणे झोपले. दादा उजव्या खिडकीतून फोटो काढू लागला, ताई डाव्या खिडकीत उंची सांगू लागली. दोन्हीकडे डोंगर होते. एवढे जवळ आणि एवढे हिरवे डोंगर आमच्या घरापासून सव्वा तासावर चौदा महिने उभे होते, आणि एकाही यादीत नव्हते. मी आईसमोर बसलो होतो. बाकडं रिकामं होतं म्हणून तिला खिडकीशी बसवलं होतं. पण ती बाहेर बघेचना. एकटक माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

"आई, डोंगर तिकडे आहे," मी म्हणालो. "खिडकीत."

"माहितीये. तिकडे तोंड केलं की जातो तो. तुझ्याकडे बघितलं की कडेला दिसतो. हिरवा आहे. वरती जरा उघडा आहे, नाही का?"

"हो. आणि मी?"

"तुझ्या जागी एक मोठं काज आहे रे. नुसत्या कडा दिसतात." मग माझं मन राखायला म्हणाली, "कडा मात्र सुबक आहेत."

मला लाज वाटली. आमच्या इतिवृत्तात तिच्यासाठी रकाना नव्हता, आणि रकाने तर मीच आखले होते.

असो. समितीचा अहवाल मी मित्रमंडळींत वाटला. आजवर एकशे बारा जणांनी तो आवडल्याचं कळवलं. त्यांतल्या एकशे नऊ जणांनी पुढे विचारलं आहे, की त्या पॅसेंजरमध्ये डावीकडे बसायचं की उजवीकडे. तुम्हीही आता तेच विचारणार, हे मला ठाऊक आहे. तुमच्याही घरी कुणीतरी कधीतरी सहज म्हणालं असेल की मला एकदा अमुक बघायचंय. त्यावर तुम्ही काय म्हणालात, ते मी विचारत नाही. गुणतक्ता हवा असल्यास कळवा. फारच घाई असेल तर वर 'तातडीचं' असं लिहा.

मग बघू.