ओसरीवर भरपूर जागा

कॉलनीतली कुत्री भुंकून दमलेली असतात, दूधवाला अजून यायचा असतो, तेव्हा प्रमिलाकाकू बातम्या देतात. रेडिओवर नव्हे, आम्हा आयांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर. मी त्या अर्धवट झोपेत ऐकते. मोबाइल उशीवर, डोळे मिटलेले, आणि कानात काकू :

"नमस्कार मंडळी. प्रमिलाकाकू बातम्या देऊन राहिली. बाजारात अंबाडी आली, कवळी हाय, ज्याले भाजी करायची त्यानं आजच आनजा. तलावावर बगळे उतरले. मंदिरामागच्या शेवग्याले फुलं लागली. हवामान, दुपारून झोप येईन असं. बातम्या संपल्या."

मध्येच कोणीतरी खाकरतं. ते काका. काकूंचे यजमान. बातम्यांत त्यांचा तेवढाच सहभाग असतो.

झोपेत ऐकलेल्या बातम्यांचं काय होतं ते मी सांगायला नको. एकदा स्वप्नात ते बगळे आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून अंबाडी निवडत होते, फार मन लावून. मी जागी झाले आणि नवऱ्याला विचारलं, "त्यांचा चहा झाला का?" नवरा नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात पहिल्या पाळीला जातो. त्याला बगळ्यांशी कर्तव्य नसतं. "तुही काकू आन् तू," तो म्हणाला, "डबा दे आधी."

ग्रुप खरं तर कामाचा. लसीकरण कधी, शाळेच्या गाडीला उशीर का, कोणाच्या लेकराला कांजण्या निघाल्या, अशा गोष्टींसाठी केलेला. काकूंना मूलबाळ नाही. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे, कारण पहिल्याच भेटीत त्या स्वतः सांगून टाकतात. "मले लेकरू नाई बरं. बाकी सगळं हाय. बस, चहा ठेवते." म्हणजे पुढच्या चौकशीची वाटच बंद. मग आयांच्या ग्रुपमध्ये त्यांना घेतलं कोणी? कोणालाच आठवत नाही. बहुतेक कुरडयांचा चीक कसा शिजवायचा हे विचारायला कोणीतरी घेतलं असावं. चीक शिजला, कुरडया खाऊन संपल्या, काकू राहिल्या.

त्यांचं एकच भय आहे. "मौसम निघून जाईन न बाई!" हे वाक्य त्या इतक्या कळकळीनं म्हणतात की आपली गाडी फलाटावरून हलल्यासारखं वाटतं. तान्ह्या पोळ्याला आमच्या पोरांच्या लाकडी बैलांना झुली काकूंच्या ब्लाउजपिसांच्या. हुरड्याला सगळी वरात अंजनगाव सुर्जीला काकूंच्या भावाच्या शेतावर. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं घातली की राखणीला पोरं, आणि पोरांच्या राखणीला काकू. ओल्या कुरडया सगळ्यात जास्त राखणदारांनीच खाल्ल्या, ही बातमी त्यांनी दुसऱ्या दिवशी नावं न घेता दिली.

एकदा वार्षिक परीक्षा तोंडावर असताना काकूंनी फर्मान काढलं, की लेकरांना आंब्याचा मोहोर हुंगायला न्यायचं. शेजारची वैशाली जरा शिस्तीची. ती म्हणाली, "काकू, परीक्षा हाय."

"परीक्षा त दरसाल येते."

"मोहोरही दरसालच येते न काकू."

"येते न. पण हा नाई येत." आणि काकू वैशालीकडे अशा बघत राहिल्या, की तीच चप्पल घालून सगळ्यांच्या पुढं निघाली.

पण काकूंचं खरं काम कळायचं असेल तर कपाशीच्या फुलाची सहल ऐका. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरट असतं, मग गुलाबी होतं. वऱ्हाडात जन्माला येऊन लेकरांनी हे डोळ्यांनी पाहिलं नाही म्हणजे काय, असं काकूंच्या मनानं घेतलं. शेत भावाचंच. सकाळी आम्ही सगळ्या आया, लेकरं, चिवडा, पाण्याच्या बाटल्या अशा एका ताज्या फुलासमोर जाऊन बसलो. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. बोलायचं नाही. फूल लाजलं तर गुलाबी व्हायचं नाही.

बसलो. काळ्या मातीचा ऊबदार वास येत होता. दूर कोणीतरी बैलांशी गप्पा मारत होतं. ऊन, वारा, पुन्हा ऊन. "गुलाबी दिसून राह्यलं काय थोडंसं?" काकू कुजबुजल्या. वैशालीला दिसलं. मला दिसलं नाही. आमचा त्यावर दबक्या आवाजात वाद झाला. मग लेकरं बांधावरच्या निंबाखाली आडवी झाली, मग वैशाली, मग मी. ती झोप मला अजून आठवते. लग्नानंतर भरदिवसा, उघड्यावर, कोणी उठवणार नाही या भरवशावर मी पहिल्यांदाच झोपले होते. जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं, माझ्या डोक्याखाली काकूंची घडी घातलेली शाल होती आणि काकू एकट्याच फुलासमोर बसलेल्या होत्या.

फूल पांढरंच होतं. ते रंग बदलतं रात्रीतून, हे काकूंचा भाऊ सकाळीच सांगत होता, पण त्यालाही तोंडावर बोट ठेवून गप्प केलं होतं. दुसऱ्या दिवशीची बातमी अशी : "कालच्या कार्यक्रमात सर्व माता झोपल्या. फूल आज गुलाबी हाय, भावाचा फोन आलता. बातम्या संपल्या."

भादव्याची पौर्णिमा झाली की आमच्याकडे भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती. महिनाभर माहेरी येते, सोबत भुलोजी आणि मांडीवर बाळ गणपती. कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी तिच्यापुढं गाणी म्हणतात. पूर्वी घरोघरी मूर्ती बसायच्या, आता कॉलनीत एकच. ती रोज एकेका घरी जाते, ज्या घरी लेक आहे त्या घरी. माहेरपण लेकीचं असतं, तेव्हा लेकीचंच घर पाहिजे, अशी आमच्याकडची समजूत. कोणत्या दिवशी कोणाकडे, हे काकू बातम्यांत सांगतात. मखराला ज्वारीचे धांडे, म्हणजे ताटं, लागतात, तेही त्याच भावाच्या शेतातून मागवतात. पोरींना गाण्यांच्या चाली त्यांनीच शिकवल्या. फक्त त्यांच्या घरी भुलाबाई कधी गेली नव्हती.

यंदा धांडे आणायला काकूंकडे गेलो तेव्हा माझ्या ईश्वरीनं फाटकातच विचारलं, "काकू, तुमच्याकडं कवा हाय?"

"आमच्याकडं कशी येईन बाई? तिले पोरगी लागते घरात." काकू हसतच बोलल्या. मोळी आमच्या हातात दिली. एक धांडा मात्र त्यांच्याच हातात राहिला, तो घ्यायला त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही मागितला नाही.

त्यानंतर कोजागिरी जवळ आली तशी एक दिवस बातम्यांत नेहमीची यादी संपल्यावर काकू थांबल्या. काका खाकरले. मग काकूंनी एकदम पुस्तकी मराठी काढली : "कोजागिरीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ अजून खाली आहे. आपल्याच कॉलनीत एका घरी ओसरीवर भरपूर जागा असल्याचं आमच्या बातमीदाराला समजते. घराचं नाव समजू शकलं नाही. बातम्या संपल्या."

माझी झोप उडाली. कॉलनीत ओसरी असलेलं घर एकच आहे.

एरवी काकूंच्या बातमीखाली फुलं, हात जोडलेली चित्रं, काय काय येतं. त्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुप गप्प होता. सगळ्यांना कळलं होतं आणि कोणालाच पहिलं बोलायचं नव्हतं. घरोघरी सासवा होत्या. माझ्या सासूबाई माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण रीत म्हटली की त्या दगडासारख्या बसतात. "लेक नाई त्या घरी भुलाबाई कोणाजवळ जाईन?" त्या म्हणाल्या. "प्रमिलेलेही माहीत हाय हे. तिनं बोलाले नाई पायजे होतं." मला काकूंची एवढी दया आली, की मी भांडी आपटत घासायला घेतली. मोबाइलवर लिहायचं धाडस मात्र झालं नाही.

ईश्वरी दप्तर भरत होती. ती म्हणाली, "आजी, आमी सगळ्या जातो न तिथं. मंग त्या घरी लेकी असतीन न."

सासूबाई बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकी म्हणून जाऊन राह्यल्या, त केस त नीट इचरून जाजा."

मी तेवढंच ग्रुपवर टाकलं, सासूबाईंच्या नावानिशी. मिनिटभरात फुलांचा पाऊस पडला. काकूंचं उत्तर आलं नाही. त्यांच्या मोबाइलवरून काकांचा आवाज आला, जन्मात पहिल्यांदा : "येजा."

त्या संध्याकाळी ओसरी ओळखू येत नव्हती. धांड्यांचं मखर, त्याला शेवंतीच्या माळा, खाली शेणानं सारवल्यासारखी गुळगुळीत पुसलेली फरशी. काका इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. काकूंनी त्यांना दोनदा आत पाठवलं, ते दोन्ही वेळा बाहेर आले. काकूंनी मला बाजूला घेतलं. 

"खाऊ ओळखला की पोरी पळतात," त्या हळूच म्हणाल्या. "पण म्या वाजूच देत नाई. बसतीन मंग चांगल्या."

हा आमच्या भुलाबाईचा नेम आहे. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि पोरी आवाजावरून खाऊ ओळखतात. ओळखला की वाटायचा, खायचा आणि आपापल्या घरी जायचं. म्हणून काकूंनी महिनाभर विचार करून बिनआवाजाचा पदार्थ काढला होता. डबा गच्च दाबून भरलेला. त्याला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेलवर काकांचा मफलर. हलवला तर मुंगीचासुद्धा आवाज नाही.

पण त्या डब्यात होती उकडपेंडी! खमंग भाजलेली कणीक, तिला कांद्याची, मिरचीची, मोहरीची फोडणी. तिचा वास कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेला होता. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. अहो काकू, आवाज बांधलात, वास कोण बांधणार? आमच्या पोरी नाकानं तिखट. पहिल्याच फटक्यात ओळखतील, वाटी चाटून पुसून पळतील, आणि एवढ्या वर्षांची वाट पाहिलेली काकूंची संध्याकाळ चहा गार व्हायच्या आत संपेल. मला रडूच यायला लागलं.

पोरींनी गाणी म्हटली. टिपऱ्यांचा आवाज, उदबत्तीचा धूर, वर आलेला भलामोठा चंद्र. काकू भिंतीला टेकून ओठ हलवत होत्या. मग त्या मखरासमोर येऊन बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि हलवला. काही वाजलं नाही. काकूंचा चेहरा खुलला.

"ओळखा!"

 ईश्वरीनं नाक वर केलं, मला ते स्पष्ट दिसलं. तिनं बाकीच्यांकडे एकदा पाहिलं.

"चकली?" ती म्हणाली.

"नाई!" काकू ओरडल्या.

"चिवडा?" दुसरी.

"नाई नाई!"

शंकरपाळे, शेव, मुरमुऱ्याचे लाडू. रेवडी. बत्तासे. वैशालीच्या मुलीनं तर "वांग्याची भाजी?" म्हटलं आणि काकू मांडीवर थाप मारून हसल्या. काका आतून खुर्ची घेऊन आले. काकू दर नावाला डबा कानाशी नेत, ऐकल्यासारखं करत, मान हलवत. पोरी सरकत सरकत त्यांच्या गुडघ्यांना येऊन भिडल्या होत्या. आम्ही आया पदरानं डोळे पुसत होतो आणि एकमेकींपासून ते लपवत होतो.

शेवटी सगळ्यात धाकटी मिठू, अडीच-तीन वर्षांची, पेंगुळली. तिनं काकूंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "काकू, भूक लागली. उकडपेंडी दे न."

 ईश्वरीनं कपाळाला हात लावला.

काकूंनी मफलरकडे पाहिलं. मग एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"कवापासून माहीत हाय तुमाले?"

"फाटकापासून," ईश्वरी खाली बघत म्हणाली.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं त उठा लागलं असतं न काकू."

काकूंनी मफलर सोडला, टॉवेल सोडला, वाटीभर उकडपेंडी काढली आणि मिठूला मांडीवर नीट बसवून पहिला घास भरवला. मग डब्याचं झाकण पुन्हा लावलं. टॉवेल गुंडाळला. मफलर गुंडाळला. गाठ मारताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मंग अजून थोडं ओळखा न बाई," त्या म्हणाल्या.

 तेवढ्यात मिठूनं तोंडात घास असतानाच विचारलं, "लाडू?"

"नाई!" काकू म्हणाल्या, आणि डबा हलवला.